बोर्ड न लावलेली जादू

मी मुलांसाठी जादूच्या गोष्टी लिहिते असं कळलं की लोक हमखास एक वाक्य बोलतात. 'बरंय तुमचं, जादू म्हटलं की काहीही चालतं!' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. काहीही चालत नाही. आमच्या घरात तर मुळीच चालत नव्हतं. माझे वडील एसटीत कंडक्टर होते आणि गोष्टीतल्या जादूलाही त्यांच्या गाडीचेच नियम लागू होते.

वडिलांना मी आण्णा म्हणते. त्यांची बहुतेक नोकरी भूमच्या स्टँडवर गेली. घरात आम्ही तिघंच होतो. आण्णा, त्यांची थोरली बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी. आत्या बेंबळीला दिलेली होती. नवरा वारल्यावर चार वर्षं तिनं तिथंच काढली आणि मग माझ्यासाठी माहेरी परत आली, कारण माझी आई गेली होती.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. मला तिची एकच आठवण आहे. दुपारची वेळ आहे, ती भिंतीला टेकून बसलीय आणि तिच्या डोक्यावर माळ आहे. फुलांची नव्हे, कसल्या तरी बारीक काड्यांची. मला ती राणीसारखी दिसली आणि मी टाळ्या वाजवल्या. बस, एवढंच. ही आठवण मी कधी कुणाला सांगितली नाही. एकच होती, तीही कुणी 'तसं नव्हतं गं' म्हणून काढून घेतली असती तर मी काय करणार होते?

उन्हाळा लागला की आमच्या गल्लीत चिंचा यायच्या. व्यापारी पोती टाकून जायचा आणि बायका कडुलिंबाखाली बसून चिंचा फोडायच्या. हातोडीचा हलका ठोका, टरफल बाजूला, शिरा बाजूला, मग पोट चिरून चिंचोके काढायचे. आत्याचे हात यंत्रासारखे चालायचे आणि तोंड त्याहून जास्त. दुपारभर ती मला गोष्टी सांगायची. पुस्तकातल्या नव्हेत, तिच्या स्वतःच्या, त्या-त्या दुपारी रचलेल्या.

आत्याच्या गोष्टीत जादू मोप. पोरगी विहिरीत पडली की पंखांचा पांढरा घोडा हजर. राक्षसानं गिळलं की पोटातून सोन्याची सुरी निघायची. रान पेटलं की एक म्हातारा यायचा आणि फुंकर मारून वणवा विझवायचा. हा म्हातारा आधी कुठं होता आणि नंतर कुठं गेला, हे विचारायची सोय नव्हती.

आण्णांची सुट्टी असली की ते उंबऱ्यावर बसून आपला पितळी बिल्ला घासायचे. त्यासाठी आमच्याच ढिगातली चिंच उचलायचे. त्यांचं लक्ष बिल्ल्याकडं आहे असं वाटायचं, पण कान आमच्याकडं असायचे.

"आक्का, ह्यो घोडा कवा बसला गाडीत?" त्यांनी एकदा विचारलं.

"कुठला घोडा?"

"पंखाचा. मागच्या स्टॉपपर्यंत तर नव्हता."

"जादूचा हाय त्यो."

"जादूचा आसंल. पर कुठंतरी चढला आसंल का न्हाय? बोर्ड न लावता गाडी सुटत न्हाय, आक्का. लोकांस्नी आधी कळाय पायजे गाडी कुठं चालली ते."

"तुमी तिकिटं फाडा, कंडक्टरसाहेब," आत्या म्हणाली. चिडली की ती धाकट्या भावाला अहोजाहो करायची. "गोष्टीत तुमची ड्युटी न्हाय."

मी अर्थातच आत्याच्या बाजूनं होते. बापानं गोष्टीत नाक खुपसलेलं कुठल्या लेकराला आवडतं? पण काही दिवसांनी एक चमत्कारिक गोष्ट झाली. गोष्टीतली पोरगी मगरीच्या जबड्यात सापडली होती, आत्यानं आवाज बारीक केला होता, आणि मी चिंचोक्यांचा मनोरा रचण्यात गुंग होते. मला भीतीच वाटली नाही. घोडा येणार हे मला ठाऊक होतं. आत्याच्याही ते लक्षात आलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, उंबऱ्याकडं पाहिलं आणि मगरीला तसंच सोडून चहा करायला उठली.

दुसऱ्या दिवशी तिनं नवी गोष्ट काढली. सुरुवातीलाच ढिगातला एक चिंचोका उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

"ह्यो हाय जादूचा," ती म्हणाली आणि मान वळवून उंबऱ्याकडं ओरडली, "लावला बघा बोर्ड!"

आण्णांनी बिल्ला खाली ठेवला. "बरं. किती बसून, किती उभे?"

गाडीत दाराच्या वर रंगानं लिहिलेलं असायचं, बसून इतके, उभे इतके. आण्णांच्या मते जगातल्या प्रत्येक गोष्टीवर असं काहीतरी लिहिलेलं असतं, फक्त ते वाचायला मान वर करावी लागते. जादूत किती माणसं मावतात, ती कुठपर्यंत जाते आणि शेवटचा स्टॉप कोणता, हे त्यांना हवं होतं.

आत्या अडली. मग तिनं तो चिंचोका दगडावर घासला. आम्ही पोरं हा खेळ खेळायचोच. चिंचोका खसाखसा घासायचा आणि गरम झाला की दुसऱ्याच्या हाताला चटका द्यायचा. आत्यानं तो माझ्या मनगटाला टेकवला आणि मी ओरडले.

"चिंचोका घासायचा," ती म्हणाली. "त्यो गरम हाय तवर जादू चालती. गार झाला की संपली. पाणी आणतोय, दार उघडतोय, वाट दावतोय. आन् जितक्या बारीला घासला तितका झिजतोय."

आण्णांनी बिल्ला परत हातात घेतला. मग म्हणाले, "हां. ही गाडी जाईल."

ती गोष्ट महिनाभर चालली. एका पोरीच्या आईला काळा वारा उचलून नेतो आणि पोरगी खिशात तो चिंचोका घेऊन तिला शोधायला निघते. आता मात्र माझी झोप उडाली. पोरीनं कोरड्या विहिरीला पाणी आणण्यासाठी चिंचोका घासला तेव्हा मी रडकुंडीला आले. "कशाला वाया घालवते? आईसाठी ठेव की!" राजाचा दरवाजा उघडताना तो अर्धा झिजला. जंगलात वाट शोधताना नखाएवढा उरला. आत्याकडं घोडा होता तेव्हा मी कधी घाबरले नव्हते. आता एका चिंचोक्याच्या जाडीवर माझा जीव टांगलेला होता.

मी का घाबरत होते हे आत्याला कळलं असावं. मी मनाशी पक्कं ठरवलं होतं, की त्या पोरीची आई परत आली आणि आण्णांनी ते मान्य केलं, तर माझीही आई येईल. आत्याचं काय, ती प्रेमापोटी काहीही बोलायची. पण आण्णा खोटं कधीच चालवून घ्यायचे नाहीत. आमच्या घरात देव नव्हते, नवस नव्हते, भिंतीवर दोनच फोटो होते, आणि जे पटत नाही ते मानायचं नाही हे आण्णा त्या फोटोंकडं बोट करून सांगायचे. अशा माणसानं एखादी जादू 'जाईल' म्हणून पास केली, तर ती खरीच असणार. मी माझ्या फ्रॉकच्या खिशात एक चिंचोका जपून ठेवला होता. एकदाही न घासलेला.

शेवटचा दिवस आण्णांच्या सुट्टीचा निघाला. पोरगी डोंगराच्या कपारीत पोचली. आई तिथं निजलेली होती, गार, हलत नव्हती. पोरीनं चिंचोक्याचा उरलेला कपचा काढला आणि दगडावर घासला. आत्याची हातोडी थांबली होती.

"आन् आईनं डोळे..."

आण्णांनी बिल्ला उंबऱ्यावर आपटला. एकदाच. गाडीत एक घंटी म्हणजे थांबा.

"आक्का, ह्याचा बोर्ड न्हाय."

"लेकरू ऐकतंय," आत्या हळूच म्हणाली.

"म्हणूनच म्हणतोय. पाणी आणतोय, दार उघडतोय, वाट दावतोय. एवढंच बोलली व्हतीस पहिल्या दिवशी. मेलेलं माणूस उठवतोय आसं बोलली न्हाईस."

मी आत्याकडं पाहिलं. मला वाटलं, ती आता नेहमीसारखी भांडेल, कंडक्टरसाहेब म्हणेल. ती भांडली नाही. तिनं आण्णांकडं असं पाहिलं, की काहीतरी आहे आणि ते मला माहीत नाही, एवढं त्या वयातही मला कळलं. मग तिनं हातोडी खाली ठेवली.

"व्हय," ती म्हणाली. "बोलले न्हाय."

आई उठली नाही. पोरीनं तो कपचा कपारीच्या तोंडाशी पुरला आणि तिथं चिंचेचं मोठं झाड आलं, असा आत्यानं शेवट केला. मला झाड नको होतं. मी खिशातला चिंचोका काढून आण्णांच्या अंगावर फेकला आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. स्टँडजवळून जाताना ते गाडीच्या दारातून हात करायचे आणि मी मान वळवायची. माझ्या वडिलांनी माझ्या आईला परत येऊ दिलं नाही, असंच माझ्या डोक्यात बसलं होतं. पुढं मोठी झाले, शिकले, त्या रागाला हसूही लागले, पण खोटं कशाला बोलू, तळाशी तो राग तसाच राहिला.

आणि गंमत बघा, लिहायला लागले ती आण्णांच्याच कायद्यानं. माझ्या एकाही पुस्तकात घोडा आकाशातून टपकत नाही. पुण्यातली संपादक मुलगी मला विचारते, की ही जादू आठव्या प्रकरणात वापरायचीय, तर आधी कुठं सूचन केलंय? मी तिला सांगते, दुसऱ्या प्रकरणात बोर्ड लावलाय. आता तीही बोर्डच म्हणते. दरवेळी नवं बाड घेऊन मी भूमला जाते आणि आण्णांना वाचून दाखवते, कारण त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. ते ऐकतात आणि कुठं गाडी फुकट फिरवली, कुठं माणसं कोंबली, ते बिनचूक सांगतात.

हा गेला उन्हाळा. स्टँडवर उतरले तेव्हा समोरच्या गाडीवर 'धाराशिव' असा नवा बोर्ड होता. आण्णांच्या तोंडी मात्र एका वाक्यात उस्मानाबाद येतं आणि दुसऱ्यात धाराशिव. घरी आत्या नेहमीच्या जागी लिंबाखाली चिंचा फोडत होती. आता घरापुरत्याच फोडते. तिला ऐकू येत नाही, त्यामुळे गोष्टी बंद झाल्यात, हात चालू आहेत.

या वेळचं बाड वेगळं होतं. त्यात मी एका मुलीच्या आईला परत आणलं होतं. इतकी वर्षं लिहून हात तयार झाल्यावर मी तो जुना हिशेब चुकता करायला बसले होते. आणि आण्णांना बोलायला जागाच ठेवली नव्हती. पहिल्याच पानावर बोर्ड लावला होता, की या गावात मरून गेलेलं माणूस एकदाच, एका दुपारपुरतं परत येतं. मर्यादाही घातली होती. जो बोलावतो त्याला त्या माणसाची एक आठवण कायमची द्यावी लागते. बघू, मी मनात म्हणाले, आता घंटी कशी मारता ते.

दुपारी जेवणं झाल्यावर मी आण्णांसाठी उंबऱ्याशी खुर्ची टाकली, शेजारी बसले आणि वाचायला लागले. आण्णा डोळे मिटून ऐकत होते. मधूनमधून मान हलवत होते. "बोर्ड हाय," ते एकदा म्हणाले. पुढं एके ठिकाणी म्हणाले, "क्षमता बी लिहिलीस. झाक." मला चौथीत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं.

मग शेवटचं प्रकरण आलं. मुलगी दार ढकलून आत जाते. मी वाचलं, "आई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या डोक्यावर बारीक काड्यांची माळ होती. ती राणीसारखी दिसत होती."

आण्णांनी डोळे उघडले.

"माळंचं कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मला आठवतं."

"चार वर्सांची व्हतीस तू."

"मी टाळ्या वाजवल्या होत्या, आण्णा."

त्यांनी आत्याकडं पाहिलं. तिला काही ऐकू गेलं नव्हतं, ती आपली चिंचा फोडत होती. आण्णा बराच वेळ तिच्या हातांकडं बघत राहिले. मग बोलले, सगळं खालच्या आवाजात, माझ्याकडं न बघता.

"कावीळ झाल्ती तिला. डॉक्टर म्हणला, सोलापूरला न्या, लिव्हर सुजलंय. म्हणला, आमच्या हातात एवढंच हाय, पुढचं कुणालाच सांगता येत न्हाय. एवढंच म्हणला गं. मला राग आला त्याचा. डॉक्टर कशाला झालाय मग? आन् कुणीतरी सांगितलं, एक जण हाय, काविळीची माळ देतोय. डोक्यावर ठेवायची. माळ वाढत वाढत खाली उतरती आन् तिच्यासंगं कावीळ उतरती. म्या त्याला इचारलं, किती उतरंल? त्यो म्हणला, सगळी."

आत्याच्या हातोडीचा आवाज येत होता.

"एक एवढं म्हणत व्हता, एक सगळं म्हणत व्हता. म्या सगळं म्हणणाऱ्याकडं गेलो. त्या दोन फोटोंकडं पाठ करून, ह्या हातानं ठेवली माळ तिच्या डोक्यावर. आक्का आल्ती बघायला. ती नको म्हणत व्हती. दवाखान्यात न्या म्हणत व्हती."

"आण्णा, असू दे..."

"न्हाय, ऐक. माळ खरंच वाढत व्हती. पहिल्या दिवशी डोक्यावर व्हती. मग कानाखाली आली. मग गळ्यात. म्या ड्युटीवरनं आलो की आधी माळ बघायचो. तिचं तोंड बघायचोच न्हाय. माळ छातीवर आली त्या दिवशी ती बोलायची बंद झाली. मग पळालो सोलापूरला." त्यांनी हाताच्या मागच्या बाजूनं डोळे पुसले. "मागनं कळलं, ओल्या काड्या आसत्यात त्या. वाळल्या की बारीक व्हत्यात, गाठी ढिल्या पडत्यात, माळ लांबती. कुणाच्या बी डोक्यावर ठेव. खुंटीला टांगली तरी लांबती. रोज लोकांस्नी सांगत व्हतो, बोर्ड बघून चढा म्हणून."

त्या दुपारी आत्या का भांडली नाही ते मला आत्ता कळत होतं. मी ज्या माळेला टाळ्या वाजवल्या होत्या ती हीच होती. आणि हा माणूस मी फेकलेला चिंचोका अंगावर घेऊन आठ दिवस गाडीच्या दारातून मला हात करत राहिला होता. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. पाय धरलेले त्यांना आवडत नाहीत म्हणून मी नुसता त्यांचा हात धरला.

"हे पान मी काढून टाकते," मी म्हणाले.

"कशाला? येऊ दे की तिला. बोर्ड लावलायस तू, रीतसर गाडी हाय." त्यांनी कागदाकडं बोट केलं. "माळ तेवढी काढ."

मी पेन हातात घेतलं आणि अडले. माझ्याकडं आईचं तेवढंच तर होतं. माळ खोडली की भिंत उरत होती आणि टेकलेली एक बाई, जिला चेहरा नव्हता. मीच पहिल्या पानावर लिहिलं होतं, बोलावणाऱ्याला एक आठवण द्यावी लागते. लिहिताना मला ते फार सुंदर वाटलं होतं.

मी दोन ओळी खोडल्या. पेन तसंच कागदावर राहिलं.

"मग ती कशी बसली होती?" मी विचारलं. "सांगा ना. मला दुसरं काहीच आठवत नाही."

आण्णांनी माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांना आईबद्दल काही विचारलं नव्हतं आणि त्यांनी आपणहून सांगितलं नव्हतं.

"खिडकीला बसायची," ते म्हणाले. "लगीन झाल्यावर पहिल्यांदा माझ्या गाडीत बसली. माहेरी चालली व्हती. सगळ्यांची तिकिटं फाडत फाडत तिच्यापाशी आलो आन् म्हणलं, तिकीट. तर हसायलाच लागली. गाडीतली माणसं बघायला लागली, तरी थांबंना. खिडकीतनं वारं येत व्हतं, सगळी केसं तोंडावर. तशीच हसत व्हती."

"मग?"

"मग काय? तिकीट फाडलं. नियम म्हंजी नियम." ते स्वतःच हसले. "लई राग आल्ता तिला. त्ये तिकीट जपून ठिवलं व्हतं तिनं."

मी भिंतही खोडली. तिथं खिडकी लिहिली, वारा लिहिला, तोंडावर आलेले केस लिहिले. अक्षर वाकडंतिकडं आलं. आण्णा खुर्चीत पुढं सरकून कागदाकडं बघत होते, जसं काही त्यांना वाचता येणार होतं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटानं दोनदा टकटक केलं. दोन घंट्या. चला.

मी वाचायला लागले.